पोत्याने जाते, पिशवीने येते

(वाशीम जिल्ह्यातील शेतकरी व तरुण मंडळींच्या सभेत झालेले भाषण. ज्यांस सभेस येता आले नाही अशा वाचकांसाठी ते येथे देत आहोत.)



आजच्या सभेचा विषय पत्रिकेवर भारदस्त शब्दांत छापला आहे : 'जिल्ह्याच्या उत्कर्षास कारखानदारी हवी की सेवाधंदे?' शब्द भारदस्त असले तरी वाद घराघरांतला आहे. एक पक्ष म्हणतो, कारखाने आणा म्हणजे पोरांच्या हातांस काम मिळेल. दुसरा पक्ष म्हणतो, कारखान्यांचा काळ गेला. दारावरून समृद्धी महामार्ग गेला आहे, तेव्हा हॉटेले काढा, गोदामे बांधा, गाड्या चालवा, संगणकावर बसा. आणि ह्या दोन्ही पक्षांची पोरे मात्र पुण्यास एकेका खोलीत सहा-सहा जण राहून पोलीसभरतीची नाही तर स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहेत! बापाने तूर विकून पाठवलेल्या पैशावर खानावळीचा डबा चालला आहे. इकडे गावात, चार एकरांचा धनी असलेल्या निर्व्यसनी मुलास कोणी मुलगी देण्यास तयार नाही. 'नोकरी आहे काय?' हा पहिला प्रश्न, आणि तोच शेवटचा.

तेव्हा हा वाद विद्वानांच्या करमणुकीचा नव्हे. आमच्या घरातील मुलामुलींच्या आयुष्याचा आहे, म्हणून त्याचा विचार आपण सरळ, हिशेबाने करू.

आपल्याकडे एक म्हण आहे : उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. लोक म्हणतात, आता ही म्हण उलटी झाली. नोकरी उत्तम आणि शेती कनिष्ठ. ते खरेच आहे. परंतु ह्या म्हणीत जो मूळचा दोष आहे तिकडे कोणाचे लक्षच जात नाही. तीत शेती आहे, व्यापार आहे, नोकरी आहे. पण वस्तू घडवणारा कोठे आहे? लोहार कोठे आहे? साळी, तेली, सुतार, चांभार, कुंभार कोठे आहेत? ज्याने नांगराचा फाळ केला, मोट शिवली, तेल गाळले, लुगडे विणले, त्यास म्हणीत जागाच नाही! त्यास बलुत्याच्या चार पेंढ्या देऊन गावाच्या कडेस बसविले आणि त्याचे कसब त्याच्या जातीशी बांधून टाकले. घडविणे हे हलके काम आणि कागदावर लिहिणे हे भारी काम, हा समज आमच्या हाडीमासी खिळला आहे. कारखानदारी की सेवा, हा वाद आज नवा दिसला तरी त्याचे मूळ तेथे आहे. ज्या समाजाने घडवणाऱ्यास मान दिला नाही, त्याच्या हातून शेवटी घडविणेच गेले. उरले काय, तर पिकविणे आणि चाकरी करणे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. वाशीम हे काही आजचे गाव नव्हे. वत्सगुल्म ह्या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, आणि ह्याच शाखेच्या हरिषेण राजाच्या प्रधानाने, वराहदेवाने, अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. इंग्रजी अमलात वाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा केला. जिल्हा झाला तेव्हा आम्ही सर्वांनी गुलाल उधळला. मग काय झाले? कलेक्टर कचेरी आली, निरनिराळी खाती आली, साहेब आले. कचेरीभोवती चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकाने, वकिलांची टेबले, अर्ज लिहून देणारे लोक जमले. प्लॉटांचे भाव चढले. ह्या सगळ्या सेवाच आहेत आणि त्या वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. अकोल्याचे हेलपाटे वाचले हा लाभ लहान नाही. परंतु वीस वर्षांनी, २०१८ साली, दिल्लीच्या नीती आयोगाने देशातील मागे पडलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून चार नावे निघाली : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (म्हणजे आजचे धाराशिव) आणि आपले वाशीम. त्यापूर्वी २००६ साली आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदत जाहीर केली, त्यांतही आपण होतोच. म्हणजे कचेऱ्या आल्या तरी दारिद्र्य गेले नाही. कचेरीच्या सावलीत जी सेवा उगवते, ती सरकारच्या पगारावर जगते, जिल्ह्याच्या उत्पन्नावर नव्हे.

मग जिल्ह्याचे उत्पन्न काय? सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, अलीकडे हळद. ह्यांचे पुढे काय होते? परवा मालेगाव तालुक्यातील एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हांस जे सांगितले ते कोणत्याही अहवालात सापडणार नाही. तो म्हणाला, "भाऊ, आमचं सोयाबीन जाते तं पोत्यानं जाते, अन् येते तं पिशवीनं येते." बस्स! ह्या एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र आले.

हिशेब मांडून पाहा. एक क्विंटल सोयाबीन गाळले तर सुमारे अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोच्या आसपास ढेप निघते. तेल माणसांस, ढेप कोंबड्यांस व गुरांस. २०२४-२५ च्या हंगामात सरकारने हमीभाव ठरविला ४,८९२ रुपये. बाजारात मात्र अनेक ठिकाणी त्याहून पाचसहाशे रुपये कमीच पडले. त्याच सोयाबीनचे तेल पिशवीत भरून, चित्र छापून, आमच्याच गावच्या दुकानात आले, तेव्हा त्या पिशवीवरचा भाव कोणी कमी केला नाही.   तुरीचे तसेच. तूर भरडली की शंभर किलोंत सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ आणि बाकी चुनी-फोलपट. डाळ शहरात महाग, तूर खेड्यात स्वस्त. कापसाचे तसेच : क्विंटलभर कापसात रुई सुमारे एक तृतीयांश, बाकीची सरकी, रुई, सूत, कापड, सदरा असे चार उंबरठे तो ओलांडतो, आणि प्रत्येक उंबरठ्यावर मोल वाढते. आमचे मोल पहिल्या उंबरठ्यावरच संपते. मधले मोल कोण खातो? जो घडवितो तो, आणि जो नेतो-आणतो तो. म्हणजे कारखाना आणि सेवा, दोन्ही! आमच्या वाट्यास त्यांतले काय येते, तर पोते उचलण्याची हमाली.

कोणी म्हणेल, आता महामार्ग आला, सगळे बदलेल. बंधूंनो, रस्ता आपोआप कोणास श्रीमंत करीत नाही. हे आपल्या कारंज्यास विचारा. विसाव्या शतकाच्या आरंभी एका विलायती कंपनीने मूर्तिजापूरपासून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत लहान रुळांची गाडी घातली. तीच आपली शकुंतला. ती कोणाच्या सोयीसाठी घातली होती? वऱ्हाडचा कापूस मुंबईस आणि तेथून मँचेस्टरला नेण्यासाठी. कापूस गेला, कापड आले. गाडी दोन्ही दिशांनी धावत होती. पण मोल एकाच दिशेने वाहत होते. ज्योतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात विलायती मालाने येथील कारागीर कसे देशोधडीस लागले ह्याचे दुःख मांडले आहेच. कारागीर बुडाला की तो शेतावर येतो; एका भाकरीचे दोन तुकडे होतात, पुढे चार होतात. आमची चार एकरे अशीच झाली आहेत.

दुसरे उदाहरण तर आणखी जवळचे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ. एके काळी बंजारे म्हणजे ह्या देशाची मालगाडी होती. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून त्यांचे तांडे मुलुखभर हिंडत. फौजांस रसद तेच पुरवीत. ही सेवाच होती, आणि मोठ्या कसबाची सेवा होती. आगगाडी आली आणि बैलांची पाठ रिकामी झाली. वाहतूक कशाने व्हावी हे त्यांच्या हातात नव्हते. पुढे त्यांतील कित्येकांच्या हाती ऊसतोडीचा कोयता आला. ह्यावरून आम्ही असा सिद्धांत काढतो की, दुसऱ्याच्या मालावर उभी असलेली सेवा दुसऱ्याच्या मर्जीवर जगते. आज ट्रक आहे, उद्या आणखी काही येईल. आज महामार्गावर उतरून लोक चहा पितात. उद्या न थांबता निघून जातील.

तर मग सेवा टाकून नुसते कारखानेच काढावे काय? तसेही नाही. ह्यासाठी दोन लहान राज्यांचा इतिहास ऐका. एक घरचे, एक परदेशचे.

घरचे राज्य म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराजांच्या हाती कारभार आला तेव्हा ते नऊ लाखांच्या आसपास वस्तीचे लहानसे संस्थान होते. महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. ती गुळाची पेठ म्हणून नावारूपास आली. पेठ म्हणजे सेवा : वजन, साठवण, उधारी, विक्री. परंतु गूळ हा शेतकऱ्याने स्वतःच्या गुऱ्हाळात घडवलेला माल होता, हे विसरू नका. १९०६ साली त्यांनी सूतगिरणी व कापडगिरणी सुरू केली. पुढे राधानगरीचे धरण हाती घेतले. आणि २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा तर सर्वांस ठाऊक आहे. मागासलेल्या वर्गांस नोकऱ्यांत निम्म्या जागा. पुष्कळ लोक महाराजांची ही एकच आज्ञा लक्षात ठेवतात आणि म्हणतात, 'नोकरी द्या.' ज्या राजाने नोकरी दिली त्यानेच पेठ दिली, गिरणी दिली, पाणी दिले. तो चारही हातांनी देत होता, आणि आम्ही एकच हात धरून बसलो! त्या कोल्हापुरात पुढे काय घडले? पाण्याची इंजिने आणि उसाचे चरक दुरुस्त करणारे मिस्त्री होते. दुरुस्ती ही सेवा. दुरुस्त करता करता सुटे भाग ओतू लागले, भाग ओतता ओतता अख्खे इंजिन करू लागले, आणि ओतकामाचे मोठे केंद्र उभे राहिले. महाराजांची गिरणी पुढे काळाच्या ओघात बंद पडली. पण मिस्त्र्यांची भट्टी विझली नाही. सेवेच्या पोटी कारखाना जन्मतो तो असा.

आता परदेशचे राज्य. हिंदी महासागरात मॉरिशस म्हणून बेट आहे. आमच्या जिल्ह्याची वस्ती २०११ च्या शिरगणतीत ११ लाख ९७ हजार. मॉरिशसची आज साडेबारा लाखांच्या आसपास. क्षेत्रफळ तर आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे वाशीमएवढाच देश म्हणा ना! १८३४ पासून तेथे ऊस लावण्यास मजूर नेले, त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांची पणतवंडे आज तेथे मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीस सबंध देशास सुट्टी असते. १२ मार्च १९६८ रोजी तो देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्यापाशी ऊस होता आणि माणसे होती. तिसरे काही नव्हते. मोठमोठ्या पंडितांनी सांगितले होते की ह्याचे काही खरे नाही. त्या लोकांनी काय केले? १९७० साली कायदा करून परदेशी विकण्याच्या मालाचे कारखाने काढण्यास सवलती दिल्या. आणि लक्षात घ्या, परक्या भांडवलाबरोबर तेथील साखरेचा नफाही त्या कापडाच्या कारखान्यांत घातला गेला. शेताचा पैसा गिरणीत गेला. वीस वर्षांच्या आत नव्वद हजारांच्या आसपास माणसे, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया, कामास लागली. गिरणीमुळे बंदर वाढले, बँका वाढल्या. पुढे पर्यटन आले, संगणकाची कामे आली. २००५ साली कापडाच्या जागतिक व्यापारातील जुना करार संपला आणि स्वस्त मालापुढे पुष्कळ कारखाने बंद पडले. साखरेचा युरोपातील भावही कमी झाला. तेव्हा पर्यटनादी सेवांनी देश सावरला. उसाच्या चिपाडावर वीज करून साखरवाल्यांनीही आपले घर राखले. परंतु २०२० साली करोना आला, विमाने थांबली, पाहुणे आले नाहीत, आणि एका वर्षात देशाचे उत्पन्न सुमारे एक सप्तमांशाने घटले! म्हणजे गिरणी बुडाली तेव्हा सेवेने तारले आणि सेवा बुडाली तेव्हा गिरणी किती थोडी उरली आहे हे कळून आले. लहान देशास एका पायावर उभे राहणे परवडत नाही.

परंतु येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. मॉरिशस देश आहे, वाशीम जिल्हा आहे. आम्हांस स्वतःची जकात नाही, नाणे नाही, करार करण्याची सत्ता नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने परदेशी कापसावरील आयातकर वर्षअखेरपर्यंत उठविला. कापूस आमच्या शेतात उभा होता, पण आम्हांस कोणी विचारले नाही. तेव्हा देशाची नक्कल जिल्ह्याने करू नये. परंतु जे आमच्या हातात आहे, तेवढे तरी आम्ही केले आहे काय?

आमच्या मते करावयाची कामे तीन.

पहिले : जो माल आम्ही पिकवितो त्याचा पहिला उंबरठा आमच्या गावात असावा. हजार कोटींचा कारखाना येईल ह्या आशेवर एमआयडीसीच्या फलकाकडे पाहत बसू नका. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाने लहान दालमिल तयार केली आहे. ती पाच-दहा गावांच्या गटास पेलण्यासारखी आहे. तेलघाणी, हळद शिजविणे व दळणे, बियाणे निवडून भरणे, कोंबडीखाद्य करणे, ही कामे गावच्या आवाक्यातली आहेत.

दुसरे : ह्या घडविण्यास ज्या सेवा लागतात त्या प्रथम शिका. यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री, विजेचा जाणकार, मालाची ओल व प्रत तपासणारा, हिशेबनीस, गोदाम राखणारा, गाडीवाला, बाजाराशी पत्रव्यवहार करणारा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवला की बाजार समितीमार्फत त्याच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज मिळते, आणि भाव येईपर्यंत शेतकऱ्यास दम धरता येतो. ही खरी सेवा! हिने शेतकऱ्याची मान दलालाच्या हातातून सुटते. महामार्गावर हॉटेल काढणार असाल तर जरूर काढा. पण त्यात डाळ आपल्या गावची, तेल आपल्या घाण्याचे असू द्या. पोहरादेवीस ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडले. पाहुणे येतील. त्यांस बाटलीबंद पाणी विकणार, की तांड्यातील बायांच्या हातचे काचकवड्यांचे कशिदाकाम योग्य दामाने विकणार? पहिल्यात आपण दुसऱ्याचे हमाल, दुसऱ्यात आपण आपल्या कसबाचे धनी.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे : धनी कोण? घाणी गावात आली आणि मालक तोच जुना सावकार असला, तर पोत्याऐवजी पिशवी जाईल एवढाच फरक. म्हणून शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे उद्योग चालवावेत. सहकारी संस्था म्हणा, शेतकरी उत्पादक कंपनी म्हणा. येथे आम्हांस कटू बोलणे भाग आहे. सहकाराच्या नावाने आम्ही काय काय पाहिले! भूमिपूजन होते, अध्यक्षांची गाडी येते, कर्ज निघते. यंत्र गंजते आणि सभासदाचा भाग बुडतो. ह्यात लुटणारे पुष्कळदा आमच्यातलेच, आमच्याच जातीचे, आमच्याच ताटात जेवणारे होते. परक्याने नाडले तर आम्ही ओरडतो आणि आपल्याने नाडले तर जातीसाठी गप्प बसतो. ही गुलामगिरी नव्हे तर काय? हिशेब दर महिन्यास चावडीवर वाचून दाखविला पाहिजे, बायांच्या बचत गटांस त्यात जागा पाहिजे, आणि जो हिशेब देणार नाही त्यास उठविण्याचे धैर्य पाहिजे. बचत गटातील बाया वीस-वीस रुपयांचा हिशेब चोख ठेवतात. गटाची वही त्यांच्या हाती द्या, मग पाहा.

तरुणांनो, आता शेवटी तुमच्याशी. तुम्ही परीक्षा देऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. शतकानुशतके ज्यांस कचेरीचा उंबरठा बंद होता त्यांच्या मुलाने खुर्चीवर बसावे, हे आमच्या वाडवडिलांनी भांडून मिळविले आहे. परंतु जागा शेकडा आणि अर्ज लाखांनी, हे गणित तुम्हांस आमच्याहून चांगले समजते. पाच-पाच, सात-सात वर्षे एका यादीकडे डोळे लावून बसलेल्या मुलास आम्ही एवढेच विचारतो : ह्या वर्षांत एक तरी हाताचे काम शिकलास काय? वेल्डिंग, मोटार बांधणे, यंत्राची देखभाल, मालाची पारख? शिकण्यास लाज वाटते काय? ती लाज तुझी नव्हे. ती त्या म्हणीने तुझ्या आजोबाच्या माथी मारलेली आहे. ती फेकून दे.

आणि आईबापांनो, मुलीच्या लग्नात 'नोकरी आहे काय' असे विचारता, त्याबरोबर 'हातात कसब आहे काय' असेही विचारा. ज्या दिवशी दालमिल चालवणाऱ्या, यंत्र दुरुस्त करणाऱ्या मुलास आपण कारकुनाइतका मान देऊ, त्या दिवशी कारखानदारी की सेवा हा वाद मिटेल. शेतकरी पिकवील, कारागीर घडवील, सेवक नेईल, मोजील, शिकवील. आणि तिघे एकाच घरातील भाऊबहिणी असतील.

मालेगावचा तो म्हातारा अजून आहे. आपले सोयाबीन आपल्याच तालुक्यात गाळलेले, आपल्याच गावच्या नावाची चिठी लावलेल्या डब्यातून त्याच्या घरी यावे, आणि त्याने ते डोळ्यांनी पाहावे, एवढीच आमची इच्छा आहे. ती पुरी करणे दिल्लीच्या हाती थोडे आहे, मुंबईच्या हाती थोडे आहे. पण बरेचसे ह्या मांडवात बसलेल्या लोकांच्या हाती आहे.